मोटरीवरचा पिवळा बाण

गुरुवारी सकाळी मी औरंगपुऱ्यात मेथीच्या जुड्या चाळत उभा होतो आणि नसीमभाभींचा फोन आला. भाभी कधी फोन करत नाहीत. फोन त्यांचा नवरा, माझा दोस्त रऊफ करतो, "कुठंय बे?" एवढंच विचारतो आणि उत्तराची वाट न बघता ठेवून देतो... करायचा, असं आता लिहायला हवं. भाभी म्हणाल्या, "सुभाषभाऊ, तुम्ही येऊन जा. हे उठंनात." मी जुडी हातात घेऊनच निघालो. रऊफच्या दारात पोचल्यावर कुणीतरी ती माझ्या हातातून काढून घेतली, तेव्हा कळलं की ती अजून हातातच होती. रऊफ गेला त्याला आता दोन महिने होत आले.

रऊफ आणि मी वैजापूरच्या शाळेत एका बाकावर होतो. शाळेसमोर ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं आणि त्यातल्या कॅलेंडरवर एक लाल, बिनछपराची मोटारगाडी होती. वर्ष सरलं तरी दुकानदार ते कॅलेंडर उतरवत नसे, आणि मधल्या सुट्टीत आम्ही गाडी बघायला जायचो. "दोनच जागा हायेत," रऊफ म्हणायचा, "म्हंजे तू अन् मी. तिसऱ्याची कटकटच नाय." पुढं दोघंही शहरात आलो आणि दोघांनीही सरकारी बसच्या वर्कशॉपसाठी अर्ज केला. माझं नाव यादीत लागलं, त्याचं नाही. पेढे मात्र त्यानंच आणले. महिन्याभरात तो शहागंजातल्या एका मिस्त्रीकडं मोटरी भरायला बसला. विहिरीवरची मोटर जळाली की आतली काळी पडलेली तार काढून नवी तांब्याची तार गुंडाळायची, याला आमच्याकडं मोटर भरणं म्हणतात. काही वर्षांनी त्याचं स्वतःचं दुकान झालं. देवगाव रंगारीहून लोक मोटर घेऊन त्याच्याकडं यायचे, वाटेत चार दुकानं सोडून. पेचकसाचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक मोटरीला, मूठ कानाला आणि डोळे मिटलेले, अशी त्याची तपासणी. आणि भरून झालेल्या प्रत्येक मोटरीवर, पंपाला जोडायचा दांडा जिथून बाहेर येतो त्या तोंडाशी, तो पिवळ्या ऑइलपेंटनं एक बाण काढायचा. मोटर कुठल्या अंगानं फिरते, ते सांगणारा. बाण वाळल्याशिवाय मोटर दुकानाबाहेर जात नसे, मग गिऱ्हाईक कितीही कावो.

मी निवृत्त झालो त्या वर्षी चिकलठाण्याच्या एका गॅरेजमागं, चिंचेखाली, रऊफला ती गाडी सापडली. कॅलेंडरवरची नव्हे, पण तिच्या नात्यातली. लाल, फायबरची, दोन माणसांची. कुण्या कारखानदाराच्या मुलानं हौसेनं घेतली आणि हौस फिटल्यावर टाकून दिली होती. इंजिन जाम, सीटमध्ये मांजरीची पिल्लं. मालकानं भंगाराच्या भावात सोडली. इंजिन नव्यानं करायचं तर दोन्ही घरच्यांनी आम्हाला बाहेर काढलं असतं. रऊफ शांतपणे म्हणाला, "इंजिन काढून फेक. मोटर आपल्या घरची हाय." मी हसलो. तो हसला नाही, तेव्हा मला कळलं की आपलं म्हातारपण आता कामाला लागलं.

मग त्याच्या दुकानामागच्या अंगणात आमचा संसार मांडला गेला. माल उचलायच्या एका मोडीत निघालेल्या गाडीची मोटर मिळाली. मोबाइल टॉवरच्या जुन्या बॅटऱ्या आणून त्यातला एकेक सेल रऊफनं तपासला. जिवंत ते ठेवले, मेलेले परत केले. पायाखालचा ॲक्सिलरेटर एका ई-रिक्षाचा. मोटर आणि गिअरबॉक्स यांच्यामधली जाड पट्टी एका लेथवाल्यानं करून दिली, बदल्यात रऊफनं त्याची जळालेली मोटर भरून दिली. नवं असं काही नव्हतंच, केबल तेवढ्या नव्या. "तारेत कंजूषी करायची नाय," तो म्हणायचा, "बाकी सगळ्यात करायची." भाभी चहा आणायच्या आणि गाडीकडं बघून म्हणायच्या, "दोन पोरी सासरी गेल्या, आता ही तिसरी कवा जानार?"

आता ती चूक सांगतो, जी आम्हा दोघांशिवाय कुणाच्या हातून झाली नसती. मोटर गाडीत बसवण्याआधी रऊफनं मला फोनवर विचारलं, "इंजिन कुठल्या अंगानं फिरतं रे?" मी सांगितलं, घड्याळाच्या काट्यासारखं. त्यानं दुकानात मोटर तशी जोडली, फिरवून बघितली आणि आणून बसवली. पहिल्या दिवशी चाकं जॅकवर उचलून बघायचा धीर दोघांनाही नव्हता. तो स्टिअरिंगवर बसला, मी समोर उभा. पहिला गिअर टाकला, पाय दाबला आणि गाडी आवाज न करता मागं गेली. भाभींचा रांजण फुटला, पुदिन्याच्या दोन कुंड्या आडव्या झाल्या आणि सगळं अंगण पाणी पाणी झालं. झालं असं होतं की इंजिनवाला माणूस गाडीच्या तोंडासमोर उभा राहून बघतो, आणि मोटर भरणारा दांड्याकडून. गाडीत तो दांडा मागं, गिअरबॉक्सकडं असतो. माझा घड्याळाचा काटा त्याच्या बाजूनं उलटा होता. दोन केबल अदलाबदल केल्या असत्या तर अर्ध्या तासात मिटणारी गोष्ट.

पण आम्ही ती मिटवली नाही. "मोटरीला मोटरीच्या तोंडाकडून बघतेत," तो म्हणाला. मी म्हणालो, गाडीला गाडीच्या तोंडाकडून बघतात. आवाज चढले, शेजारची चार माणसं गोळा झाली आणि त्यांच्यासमोर मी बोलून गेलो, "तुला विहिरीवरच्या मोटरी कळतात रे. गाड्यांचं कळत असतं तर यादीत तुझं नाव नसतं लागलं?" चाळीस वर्षांत त्या यादीचं नाव आम्ही काढलं नव्हतं. रऊफ खाली वाकून रांजणाच्या खापऱ्या गोळा करत राहिला... मी घरी आलो आणि तीन आठवडे तिकडं फिरकलो नाही. राग त्याचा नव्हता, स्वतःची लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा राग धरणं सोपं असतं.

शेवटी फोन त्याचाच आला. "कुठंय बे?" मी गेलो. चहा झाला. केबल त्यानं आधीच बदलल्या होत्या, चाकं जॅकवर फिरवूनही बघितली होती. माफी मागायची म्हणून मी घरून शब्द जुळवून नेले होते, पण तो बॅटरीच्या खोक्याबद्दल बोलू लागला आणि ते शब्द तसेच परत आणले. पुरुषांची मैत्री अशीच असते, असं मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "याला भित्रेपणा म्हणतेत."

रस्त्यावर चालवायच्या मंजुरीचे कागद अजून व्हायचे होते, म्हणून हिवाळ्यात गाडी टेम्पोत घालून दौलताबादला नेली, त्याच्या मेव्हण्याच्या पेरूच्या बागेत. बागेतली वाट चांगली रुंद आहे आणि समोर किल्ला. मला वाटलं, पहिल्यांदा तोच चालवणार. त्यानं चावी माझ्या हातात दिली. "तू बस. गाडीचं तुला कळतं." टोमणा आहे असं वाटलं, आणि त्याच्या चेहऱ्याकडं बघायची हिंमत झाली नाही. गाडी चालली. खरंच चालली, पुढं चालली. पाखरांचा आवाज ऐकू येत होता, टायरखाली वाळका पाला चुरचुरत होता. रऊफनं खिशातून पेचकस काढला आणि डॅशबोर्डला टेकवून कानाला लावला. "काय म्हणते?" मी विचारलं. "कायच नाय," तो म्हणाला. "लई बरं वाटतंय तिला." पुढच्या हिवाळ्यात कागद झाले की घाट चढून खुलताबादला जायचं ठरलं होतं. तेव्हा घाटात, वर पोचल्यावर, मी त्याची माफी मागणार होतो. माणूस आपल्या सोयीचा मुहूर्त धरून बसतो आणि...

रऊफचा चाळिसावा झाल्यावर भाभींनी चावी माझ्यासमोर ठेवली. "पडून राहिली तर बॅटऱ्या मरतेत, हे म्हनायचे. तुम्हीच बघा." मी गेलो आणि बॅटऱ्या तपासायला पुढचं खोकं बाहेर काढलं. ते मी पहिल्यांदाच काढत होतो. आजवर ते काम त्याचंच. खोक्यामागं मोटर दिसली, तिचं मागचं बूड, जे गाडीच्या तोंडाकडं येतं. तिथं पिवळ्या रंगानं एक बाण काढला होता. दांड्याच्या बाजूला नाही. आयुष्यभर भरलेल्या मोटरींपैकी एकीवर त्यानं बाण या बाजूला काढला, आणि खाली त्याच्या शाळेतल्याच अक्षरात लिहिलं, "सुभाष इकडून बघतो."

मी तिथंच बसलो. मला रडू आलं, भरपूर आलं, आणि भाभींनी मला रडू दिलं. मग बॅटऱ्यांचं खोकं परत जोडलं, चाकं जॅकवर घेतली आणि मी गाडीखाली आडवा झालो. गिअरबॉक्सजवळच्या फटीतून दांडा थोडासा दिसतो. भाभींना म्हणालो, "चाक वर उचललंय, पाय जरा हळूच दाबा." त्या चपला काढून गाडीत बसल्या. दांडा फिरला. रऊफच्या बाजूनं, दांड्याकडून बघितलं तर तो उलटाच फिरतो, घड्याळाच्या विरुद्ध. रऊफ, तुझंही बरोबर होतं रे... तुझा पेचकस अजून डॅशबोर्डच्या खणात आहे आणि शेजारची सीट मी कुणाला देत नाही.