चंद्रव्वाचं 'बरं'

चंद्रव्वाचा डावा पाय मोडला तो भाकरीपायी. गुरप्पा बाजारातून घरी आला तेव्हा भाकरी तव्यावर होती, ताटात नव्हती. तो सोलापूरच्या धान्यबाजारात सिद्धलिंगप्पा सावकारांच्या अडतीवर मापाडी होता आणि त्या दिवशी धान्य मापायची लोखंडी अधोली कड ठोकून घ्यायला बरोबर आणली होती. तीच त्यानं फेकली. घोट्याच्या वर बसली. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या, पण हाड जुळलं ते वाकडंच. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, "मापाड्याची बायकू. माप तर लागणारच की."

पुढं त्या वाकड्या हाडात पावसाच्या आधी कळ उठू लागली. आभाळ स्वच्छ असताना चंद्रव्वा पाय धरून बसायची आणि दुसऱ्या दिवशी पाऊस यायचा. गुरप्पानं हे अडतीवर गंमत म्हणून सांगितलं. सगळे हसले, सावकार हसले नाहीत.

अडतीवर पावसावर पैज लावायची जुनी चाल होती. पुढच्या पत्र्याला पन्हळ होती. नक्षत्र संपायच्या आत तिच्यातून धार पडली तर ओलं, नुसता पत्रा भिजला तर कोरडं. सगळ्यांत मोठी पैज हस्ताची, कारण हस्त कोरडा गेला की शाळू गेला आणि शाळू गेला की दुष्काळ. हस्त लागायच्या आदल्या संध्याकाळी बोली बंद व्हायची. त्या वर्षापासून बोली बंद व्हायच्या आधी सावकारांचा निरोप चंद्रव्वाच्या दारात येऊ लागला, "पाय कसा हाय?"

चंद्रव्वाचं माहेर अक्कलकोटच्या खाली. घरात कानडी, दारात मराठी. पाय दुखत नसला की ती मराठीत म्हणायची, "बरं." आणि कानडीत 'बर' म्हणजे दुष्काळ. अडतीवर या शब्दाची मोठी मौज झाली. "चंद्रव्वाला बरं, मुलखाला बर," असं हमालसुद्धा म्हणू लागले. सावकारांनी त्यावर आपला एक नियम बसवला. पहिला शब्द देवाचा, दुसरा माणसाचा. एकदा विचारलं की पुन्हा विचारायचं नाही.

लागोपाठ दोन वर्षं ती "बरं" म्हणाली आणि दोन्ही वर्षं हस्त कोरडा गेला. सावकारांनी दोन्ही पैजा मारल्या. गुरप्पाला नवा पटका मिळाला, चंद्रव्वाला वाटीभर तूप. गल्लीत चुली विझत होत्या. शेजारची रंभाबाई आडावर सगळ्यांदेखत म्हणाली, "तुजा पाय बरा ऱ्हातो आन् आमची लेकरं उपाशी. त्येला एकदा दुकाया सांग की गं."

दुखायला लागला तरी त्याला औषध नव्हतं. चंद्रव्वानं एकदा तेल गरम करून घोट्याला चोळलं, तर गुरप्पानं वाटी लाथेनं उडवली. "शेकायचं न्हाय, चोळायचं न्हाय. वर्दी चुकंल."

तिसऱ्या वर्षी मात्र चंद्रव्वालाच त्या पायाची गरज पडली. तिची एकुलती लेक शिवबाई वैरागला दिली होती. पहिलटकरीण, दिवस भरत आलेले, आणि सासू तिला खोल विहिरीवरून घागरी आणायला लावत होती. कासाराबरोबर तिनं निरोप धाडला, "अव्वाला सांगा, मला न्या. हितं मी मरंन."

"न्यायचं म्हंजे गाडी पायजे," गुरप्पा म्हणाला. "आन् वर खाणारं तोंड."

चंद्रव्वानं त्याला पुन्हा पुन्हा सावकारांकडे पाठवलं. शेवटी सावकार म्हणाले, "यंदाबी खरं निघू दे. दुसऱ्या दिवशी माझी गाडी वैरागला जाईल. दाणेही मीच देतो."

तेव्हापासून चंद्रव्वा पायाकडे लक्ष ठेवून होती, चुलीवरच्या दुधाकडे ठेवावं तसं. पाऊस येवो की न येवो, तिला त्याचं काही नव्हतं. तिला फक्त चुकायचं नव्हतं.

हस्त लागायच्या आदल्या दिवशी सकाळी पाय गप्प होता. दुपारी ती परसात जोंधळे पाखडत होती आणि घोट्याच्या वर सुई टोचल्यासारखं झालं. ती थांबली. पुन्हा टोचलं. मग कळ सरळ गुडघ्यापर्यंत चढली. चंद्रव्वानं पदर तोंडात कोंबला, तो आनंदानं. पाऊस येणार होता. गुरप्पा आला की "दुखतंय" म्हणायचं, एवढंच आता उरलं होतं.

तेवढ्यात भिंतीपलीकडून रंभाबाईनं हाक मारली. "चंद्राक्का, उद्या तुज्या जात्यावर दळाया येऊ का गं? आमचा खुटा मोडलाय."

"बरं!" चंद्रव्वा मोठ्यानं म्हणाली.

पुढच्या दारात त्याच क्षणी सावकार उभे होते. यंदा त्यांनी फार मोठी बोली लावायचं ठरवलं होतं, म्हणून ते स्वतः गुरप्पाबरोबर आले होते. रंभाबाईचा आवाज परसात राहिला. चंद्रव्वाचा शब्द तेवढा घरातून दारापर्यंत आला. सावकारांनी सिद्धेश्वराच्या दिशेला हात जोडले आणि उंबऱ्यातूनच मागं फिरले.

चंद्रव्वा दारात आली तेव्हा गल्लीत दोन पाठी दिसल्या.

"आवं! त्ये दळणाचं हुतं! दळणाचं!"

सावकारांनी मागं न बघता हात वर केला. "पहिला शब्द देवाचा."

"मागारी जा, रांडं," गुरप्पा म्हणाला.

ती माघारी गेली नाही. ठणकता पाय ओढत ती धान्यबाजारापर्यंत गेली. लग्न होऊन सोलापुरात आल्यापासून तिनं ती अडत पाहिली नव्हती. गाद्यांवर दहा-बारा पुरुष बसले होते. बोली बंद व्हायची होती.

"आलं की वं, सावकार, तुमचं दैवत," कुणीतरी म्हणालं. "लंगडत का हुईना."

"दुकतंय," चंद्रव्वा म्हणाली. "लई दुकतंय. पाऊस येतुया. कोरड्यावर लावू नगा."

सावकारांनी तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "दुखतंय म्हणतीस, आन् एवढं चालत आलीस?"

सगळी अडत हसली. सावकारांनी कोरड्यावर लावलं.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी पाऊस आला. पन्हळीतून पहिल्यांदा गंज आणि चिमणीचं घरटं पडलं, मग धार लागली. बाजारात लोक उघड्या अंगानं तिच्याखाली उभे राहिले. गल्लीत रंभाबाई घरोघर गुळाचे खडे वाटत फिरली. चंद्रव्वाच्या हातावर तिनं दोन ठेवले. "तुज्या पायानं दिला गं बाई."

वैरागला गाडी गेली नाही.

गुरप्पानं तिला मारलं नाही, याचीच चंद्रव्वाला भीती वाटली. दोन दिवसांनी जेवताना तो म्हणाला, "सावकार म्हणत्यात, येका साक्षीवर कोर्टबी निकाल देत न्हाय. दुसरा साक्षीदार पायजे. दोन्ही पाय येकच बोलले तरच लावायचं." मग तो ताटात बघत राहिला. "हसत म्हणले. पर मापाडीबी दुसरा बघतो म्हणले. त्ये हसत न्हाय म्हणले."

चंद्रव्वानं त्याला आणखी एक भाकरी वाढली. ताट निघाल्यावर चूल सारवली, तवा उलटा घातला. मग कोपऱ्यातली अधोली उचलून त्याच्यापुढं ठेवली आणि उजवा पाय लांब करून बसली.

"पोरीला आनशीला?"

गुरप्पानं अधोलीकडे पाहिलं, मग पायाकडे.

"सावकारांची गाडी मागून घ्या. ह्या पायाचं सांगा त्येंला. पर आदी पोरीला आनायचं, मंग ह्यो."

"आदी ह्यो," गुरप्पा म्हणाला. "मंग पोरगी."

तिनं अधोली त्याच्याकडे आणखी सरकवली. मग तिनं लुगडं घोट्याच्या वर घेतलं.

"आनशीला न्हवं पर?"

"बरं," गुरप्पा म्हणाला.

त्यानं शब्द पाळला. भाकऱ्या थापायलाही घरात कुणीतरी हवंच होतं. सावकारांच्या गाडीतून शिवबाई माहेरी आली ती पोट सावरत, आणि आल्या दिवशीच घागर घेऊन आडावर गेली. आड काठोकाठ भरला होता, त्यामुळं वैरागपेक्षा दोर कमी ओढावा लागायचा, एवढाच काय तो फरक. घरी येऊन ती उजव्या पायाला कामट्या बांधलेल्या आईला उचलून परसात न्यायची, परत आणायची, मग चुलीपुढं बसायची.

"अव्वा," ती दमून विचारायची, "पाय कसं हायत?"

चंद्रव्वा उत्तर द्यायच्या आधी मान वाकडी करून दारात कुणी उभं आहे का ते बघायची.