ज्याला एकच जोड, त्याचा नंबर पहिला

आम्ही चार निवृत्त मास्तर स्टँडवरच्या हॉटेलात जमलो, की पहिला कप गुडघेदुखीत संपतो आणि दुसऱ्या कपाला किस्से सुरू होतात. नोकरीत असताना यातल्या एकालाही आम्ही हसलो नव्हतो, उलट घाम फुटायचा! किस्से असेच साठत जातात. घडतात तेव्हा मेमो मिळतो, सांगतो तेव्हा भजी मिळतात.

माझ्या वाट्याचे निम्मे किस्से एकाच वर्षातले. माकणीच्या अलीकडे आमचं गाव, सातवीपर्यंतची शाळा आणि वर्ष दुष्काळाचं. अर्धं गाव खडी फोडायला, उरलेलं घागरी घेऊन टँकरच्या रांगेत. आणि अशा वर्षी आमच्या शाळेनं काय काढावं? लाँड्री!

*

सुरुवात शकूपासून झाली. सातवीतली पोरगी, बौद्धवाड्यातली, आईबाप दोघंही खडीवर. गणितात अख्ख्या वर्गाला भारी, पण आठवड्यातून दोन दिवस गायब. आमचे हेडमास्तर स्वच्छतेचे भलतेच भोक्ते. मळके कपडे दिसले की पोर घरी आणि हजेरीत लाल खूण! मी नवा मास्तर, इमानेइतबारे पोरं घरी पाठवायचो.

एका मंगळवारी मी शकूला उभं केलं. "काल का नाही आलीस?"

"कपडे धुतले हुते, गुरुजी. एकच जोड हाय. वाळंस्तवर कसं यावं?"

"आणि शनिवारी?"

"शनवारी आले हुते की! मळकी हाय म्हणून तुमीच घालवलं." मग जरा थांबून तिनं सरळच विचारलं, "धुतले तर येता येत न्हाय, न धुता आलं तर तुमी घालवता. नेमकं कवा यायचं, तेवढं सांगा!"

वर्ग खो खो हसला. मला माझीच लाज वाटली. त्या दिवशी मी हेडमास्तरांच्या खोलीत गेलो आणि म्हणालो, "सर, पोरं घरी पाठवण्यापेक्षा कपडेच शाळेत धुतले तर?" शाळेच्या आवारात आड होता. पाणी मचूळ, म्हशीसुद्धा तोंड लावत नव्हत्या. प्यायला नाही तर नाही, धुवायला काय हरकत होती!

*

त्या काळात आमच्याकडे काहीही करायचं तर सहकारी तत्त्वावर. दोन माणसं झाडाखाली बसली तरी तिसरा विचारायचा, "चेअरमन कोण?" गावातल्या निम्म्या संस्थांचे अध्यक्ष होते आप्पासाहेब. पांढरंशुभ्र धोतर, कडक इस्त्रीचा सदरा, माणूस तसा मनानं वाईट नाही, पण माईक दिसला की सुटायचा. आठ दिवसांत 'विद्यार्थी वस्त्र धुलाई सहकारी संस्था' उभी राहिली. अध्यक्ष आप्पासाहेब, अकरा संचालक, एक बोर्ड, एक शिक्का. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी कुणाच्या तरी लक्षात आलं, की कपडे धुणारं माणूसच नेमलेलं नाही!

मग धावपळ करून सोनाबाई परटिणीला आणलं. साठीची बाई, बोलायला तोफ. तिनं बोर्ड बघितला, अकरा संचालक बघितले आणि मला विचारलं, "गुरुजी, ह्यातलं पानी शेंदनार कोन?"

अकराही जणांनी आकाशाकडे बघितलं. ढग कुठं दिसतोय का, ते बघत असावेत.

*

उद्घाटन म्हणून आप्पासाहेबांनी एक रुमाल धुतला. रुमाल आधीच धुतलेला होता, घडीही मोडली नव्हती! तो दगडावर तीनदा आपटून ते माईककडे वळले.

"या लाँड्रीत वशिला चालणार नाही! ज्याला एकच जोड, त्याचा नंबर पहिला. ज्याला दोन, त्याचा दुसरा. मग तो कुणीही असो. अध्यक्ष असला तरीही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. आप्पासाहेब एवढे खूश झाले, की तिथल्या तिथं त्याचा ठराव करून घेतला. सोनाबाईला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण ठराव तिनं ऐकला, आणि बाईच्या कानात एकदा गेलेलं बाहेर पडत नसे.

*

आता पुढची पंचाईत. एकच जोड असलेल्या पोरानं तो धुवायला दिला, तर अंगावर काय घालायचं? संस्थेच्या चार बैठका झाल्या. चहा झाला, चिवडा झाला, उत्तर सापडेना. उत्तर सोनाबाईनं दिलं.

"आप्पासाब, तुमच्या घरी सत्काराच्या शाली किती हायेत?"

ट्रंक भरून होत्या! पतपेढीच्या, सोसायटीच्या, अणदूरच्या जत्रेतल्या कुस्त्यांच्या. आप्पासाहेबांनी दोन डझन शाली शाळेला देऊन टाकल्या. पोरं सकाळी आली की कपडे सोनाबाईकडे द्यायची आणि शाल गुंडाळून वर्गात बसायची, मुलींना दोन-दोन. दुसऱ्या तासाला सोनाबाई दारातून ओरडायची, "शकू, नंबर आला!" की पोरगी उठून कपडे बदलायला पळायची. ऊन असं, की अर्ध्या तासात कपडे खडखडीत. दुष्काळाचा आम्हाला झालेला तेवढा एकच फायदा!

एकदा तपासणीचे साहेब आले. तुळजापूरला देवीचं दर्शन करून उशिरा पोचलेले, परतीच्या एस.टी.ची घाई. वर्गात न शिरता त्यांनी खिडकीतूनच नजर टाकली. अठरा पोरं-पोरी अंगावर जरीच्या शाली घेऊन पाढे म्हणत होती.

साहेबांनी शेरा लिहिला, "गुणवंत विद्यार्थ्यांना शाल देऊन गौरवण्याची प्रथा स्तुत्य आहे. मात्र संख्या आवरावी!"

*

आमचे एक संचालक होते, बाजीराव. एक दिवस ते मिशीला पीळ देत आले आणि हळूच म्हणाले, "सोनाबाई, बौद्धवाड्यातले कपडे अन आपले कपडे एका टपात नकोत. दोन टप करा."

माझं टाळकं सणकलं. तोंड उघडणार, तेवढ्यात सोनाबाई म्हणाली, "व्हय जी. म्या तेच म्हननार हुते. दोन टप पायजेतच."

मला त्या बाईचा राग आला, खोटं कशाला सांगू! दुसऱ्या दिवशी बाजीरावांनी स्वखर्चानं नवा कोरा टप पाठवला. आठवड्यानं ते बघायला आले. दोन्ही टप भरलेले. समाधानानं मान हलवत त्यांनी विचारलं, "कुठला कुनाचा?"

"ह्यो साबनाचा, ह्यो खळबळायचा," सोनाबाई म्हणाली. "समद्यांचे आधी ह्यात, मग त्यात. लई सोय झाली बगा तुमच्यामुळं!"

*

हेडमास्तरांना प्रत्येक गोष्टीचं रजिस्टर लागायचं. लाँड्रीचंही हवं होतं. सोनाबाईनं त्यांना कॉलरी उलटून दाखवल्या. प्रत्येक कपड्यावर बिब्ब्याची खूण, प्रत्येक पोराची वेगळी. कुणाला फुली, कुणाला तीन टिंबं, शकूला चांदणी. बिब्ब्याची खूण धुऊन जात नाही, कपडा फाटला तरी राहते.

"नावं कुठं आहेत?" हेडमास्तर गरजले.

"नावं तुमी ठेवा, तुमाला जमतंय," सोनाबाई म्हणाली.

पण माझ्या हजेरीपेक्षा तिच्या खुणा पक्क्या होत्या. मार्चच्या शेवटी तिनंच मला बाजूला घेतलं. "गुरुजी, लाँड्री निघाल्यापास्नं चांदनी रोज येती, पन आदी लई येळा घालवली हुती म्हनं. मोजा जरा."

मी हजेरीपुस्तक काढून मोजलं. सातवीच्या परीक्षेला तालुक्याला पोरं पाठवायची, तर हजेरी पुरी लागे. लाँड्री सुरू झाल्यापासून शकूचा एकही दिवस बुडाला नव्हता. पण आधीचे लाल शेरे होते, आणि त्यातले निम्मे मीच मारलेले! आता परीक्षेची यादी जाईपर्यंत एक दिवस जरी चुकला, तरी शकू परीक्षेला मुकणार होती. आणि त्या घरात परीक्षा हुकली की पुढं खडी ठरलेली.

मी तिला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "मी येतीय गुरुजी. तुमी घालवू नका म्हंजे झालं."

*

आणि नेमकं यादीच्या शेवटच्या दिवशी मंत्री दुष्काळ बघायला येणार, असं ठरलं! शाळेच्या मैदानात सभा.

आदल्या दिवशी हेडमास्तरांनी फर्मान काढलं, "उद्या मळकं पोर आवारात दिसलं तर घरी. गैरहजर लागेल!" मी शकूचं सांगायला गेलो, तर म्हणाले, "नियम म्हणजे नियम."

तिकडे आप्पासाहेबांनी फर्मान काढलं, "साहेबांच्या गाडीपुढं धूळ उडता कामा नये. रस्त्यावर पाणी मारा!" पाणी कुठलं? आमच्या आडाचं! दुष्काळ बघायला येणाऱ्या माणसासाठी दिवसभर आड उपसून पिंपं भरून ठेवली, सकाळी रस्त्यावर ओतायला. चार वाजता तळ लागला. सोनाबाईच्या वाट्याला उरलं एक टप पाणी.

तिच्या उजव्या हाताला एकच जोडवाल्या पोरांचे कपडे, सगळ्यांत वर चांदणीवालं पोलकं. डाव्या हाताला एक भलं मोठं गाठोडं. आप्पासाहेबांच्या घरची विहीरही आटलेली, म्हणून त्यांनी घरातले सगळे सदरे-धोतरं संस्थेकडेच पाठवले होते. सोनाबाईनं गाठोडं सोडलं, शांतपणे मोजलं आणि पुन्हा बांधून ठेवलं.

ऊन उतरायच्या आत पोरांचे कपडे दोरीवर होते आणि टपात नुसता गाळ. तेवढ्यात आप्पासाहेब स्वतः आले. "सोनाबाई, माझे?"

"तुमचाच ठराव हाय, आप्पासाब. तुमचे अकरा जोड. अंगावरला धरून बारा. म्हंजे तुमचा नंबर बारावा."

आप्पासाहेब हसले. खरोखर हसले हो! म्हणाले, "बरं, अंगावरचा जोड काय वाईट नाही. उद्याला चालतोय."

चाललाही असता. पण दुसऱ्या दिवशी मंत्र्यांची गाडी आली, आणि नुकत्याच भिजवलेल्या रस्त्यावरून जोरात आली. आप्पासाहेब हार घेऊन सगळ्यांत पुढं उभे. धूळ काही उडाली नाही, चिखल उडाला! गळ्यापासून धोतरापर्यंत. हार तेवढा वाचला.

ते तसेच शाळेच्या मागच्या दारानं शिरले. आमची शालींची ट्रंक उघडली आणि एक जरीची शाल मानेपासून गुडघ्यापर्यंत लपेटून स्टेजवर जाऊन बसले. एप्रिल महिना, भर दुपार. घाम नाकावरून टपटप गळत होता.

समोर पहिल्या रांगेत शकू. पांढरं स्वच्छ पोलकं, निळा परकर, केसांना तेल. सकाळीच तिच्या नावापुढं मी शाईनं 'हजर' लिहिलं होतं. अक्षरही चांगलं आलं होतं. यादी पूर्ण करून हेडमास्तरांची सहीसुद्धा घेतली होती.

मंत्री आप्पासाहेबांकडे वळले. माईक सुरूच होता. "काय आप्पासाहेब, एवढ्या उन्हात शाल? आमच्या आधीच तुमचा सत्कार उरकला की काय?"

आप्पासाहेबांनी शाल आणखी घट्ट आवळली. हेडमास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मी संस्थेच्या बोर्डाकडे बघितलं.

पहिल्या रांगेतून शकू उठली. हात जोडले आणि खणखणीत आवाजात, अगदी मदत करायची म्हणून म्हणाली,

"सत्कार न्हाय साहेब. त्यांचा नंबर अजून यायचाय!"