अंतराळ चौकीचं शेवटचं पान

काष्टी गावच्या बाजारात गाडीवर भेळ विकणाऱ्या सखूमावशींमुळे माझं वाचन टिकलं. माझी शाळा सातवीतच सुटली होती. पुड्या बांधायच्या आधी त्या रद्दीतली कॉमिक्सची पानं माझ्यासाठी बाजूला काढून ठेवायच्या आणि मी ती त्यांना मोठ्याने वाचून दाखवायचे.

आज इथे चेन्नईत, कंपनीच्या कॅमेऱ्यांच्या पडद्यांसमोर पहाऱ्याला बसले असताना शेजारी बसलेल्या सहकारिणीने चिंचभाताचा डबा उघडला आणि त्या वासाने मावशींची गाडी आठवली.

मावशींनी ठेवलेल्या एका कॉमिकमध्ये पृथ्वीचं रक्षण करणारी एक अंतराळ संस्था होती. तिचा एक जवान दूरच्या चौकीवर एकटाच अडकला होता. संस्था त्याला परत आणते का, हे शेवटच्या पानावर होतं आणि नेमकं तेच पान मावशींनी चुकून एका गिऱ्हाइकाच्या भेळेला गुंडाळलं.

"ओ पाव्हणं, ती पुडी द्या हिकडं!" मावशी गर्दीत धावल्या.

"अवो, भेळ तरी खाऊ द्या!"

"दुसरी देते की! आमचा मानूस आभाळात अडकलाय त्यात!"

पान हाती आलं तेव्हा चिंचेच्या चटणीत शेवटच्या ओळी पार विरघळल्या होत्या. मावशींना वाचता येत नव्हतं. हात पुसत त्यांनी विचारलं, "आला का गं घरी त्यो?"

"आला," मी म्हणाले.

तेव्हा ती साधी थाप वाटली होती. आता मात्र त्या जवानासारखंच घरापासून इतक्या दूर पहाऱ्यावर बसल्या बसल्या सारखं मनात येतं, त्याला खरंच कुणी परत बोलावलं असेल का?

मावशी, एक दिवस न फाटलेलं अख्खं कॉमिक घेऊन मी येईन आणि तुमच्या गाडीशेजारी बसून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवीन.