गजभिये मॅडमनी लावलेला क्रम

फोन आला तेव्हा मी मैदानावर फक्की टाकत होतो. दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या बेसबॉल संघाची निवड चाचणी होती, सतरा वर्षांखालच्या मुलींची, आणि होम प्लेटपासून पहिल्या बेसपर्यंतची रेघ निम्मी ओढून झाली होती. फोन सुजाताचा होता, गजभिये मॅडमच्या मुलीचा. "काका, आई गेली." मी "हाव" म्हणालो. ती पुढे सांगत होती... सकाळी डोकं दुखते म्हणाली, मग ओकारी झाली, गोंदियाच्या डॉक्टरांनी नागपूरला न्या म्हटलं, आणि भंडाऱ्याच्या अलीकडेच गाडीत... मी ऐकत होतो. फोन खिशात ठेवला आणि राहिलेली रेघ पूर्ण केली. मग तिसऱ्या बेसकडचीही ओढली. चौकीदाराने विचारलं, "सर, उद्याचं पक्कं ना?" मी म्हणालो, "पक्कं." घरी येऊन बायकोला सांगायला तोंड उघडलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, की उद्या चाचणी होणार नाही, आपल्याला दवनीवाड्याला मयतीला जायचं आहे.

त्याला आता महिना उलटून गेला. मला अजून रडू आलेलं नाही. जेवतो, शाळेत जातो, पीटीच्या तासाला शिट्टी वाजवतो. लोक म्हणतात, एवढ्या वर्षांची सोबत, तुम्हाला फार जड जात असेल. मी मान हलवतो. जड असं काही वाटत नाही, हलकंही नाही. म्हणून लिहायला बसलो आहे, लिहिताना तरी काही होतं का पाहावं.

कुंदा गजभिये दवनीवाड्याच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या आणि मी गोंदियातल्या एका शाळेत. आम्ही दोघं मिळून जिल्ह्याच्या संघाची निवड करायचो. त्यांचे वडील दुसऱ्यांच्या धानाच्या बांध्यांत रोवणीला जाणारे. मुलीला त्यांनी बी.पी.एड.ला पाठवलं तेव्हा वस्तीत लोक विचारायचे, पोरगी काय शिकते? ते म्हणायचे, "खेळाची मास्तरीन होऊन राहिली." हे मॅडम स्वतःच हसत हसत सांगायच्या. साडीवर स्पोर्ट्सचे बूट, डोक्याला टोपी, आणि तोंडात कायम सोप, म्हणजे बडीशेप. मोठ्याने बोलायच्या. गोंदियाच्या बाजारात भाजीवालीशी हिंदीत भांडायच्या आणि तिलाच पुढच्या रविवारी तिच्या पोरीला मैदानावर पाठवायला सांगून यायच्या.

बेसबॉल आमच्याकडे कोण बघतं, असं वाचकांना वाटेल. कोणीच बघत नाही. पण जिल्ह्याच्या सोळा जणींत नाव लागलं की विभागाला जाता येतं, तिथून राज्याला. दहावी-बारावीत खेळाचे गुण मिळतात आणि पुढे भरतीत खेळाडूंसाठी जागा असतात. बिडीचं पान कापून, धान कापून घर चालवणाऱ्यांच्या मुलींसाठी ही गोष्ट लहान नाही. त्यामुळे पंधराव्या क्रमांकावर कोण आणि सतराव्यावर कोण, हे ठरवताना मी तरी कागदावर दहादा खोडाखोड करायचो. मॅडमना तसं करताना मी कधी पाहिलं नाही.

पहिल्याच वर्षी आमचं वाजलं. मी ज्या मुलींनी लांब फटके मारले त्यांना वर ठेवलं होतं. मॅडमनी माझा कागद पाहिला आणि म्हणाल्या, "बिसेन सर, आज कोन किती खेळली ते तर चौकीदारालेही दिसते. दोन वर्सानं कोन किती खेळन, ते सांगा." मी म्हणालो, ते कसं सांगणार? त्यांनी मला आपल्याशेजारी बसवलं. "बॉलकडं नका पाहू. जिच्याकडं बॉल नाही तिच्याकडं पाहा." मग मला दिसायला लागलं. एक मुलगी चेंडू दुसरीकडे गेला तरी चार पावलं धावून मागे उभी राहत होती, फेकलेला चेंडू सुटला तर आपण असावं म्हणून. एक सुंदर फेकत होती, पण चूक झाली की आधी आमच्याकडे बघत होती. मॅडम पाय पाहायच्या, मनगट पाहायच्या, चुकल्यानंतरचा पुढचा चेंडू पाहायच्या. कोण अजून उंच होईल, कोणाच्या खांद्यात जोर आहे पण कोणी शिकवलंच नाही, कोणाला जे येतं ते सगळं आजच दिसून गेलं आहे आणि पुढे काही उरलेलं नाही... हे त्या बोलत राहायच्या आणि मी लिहीत राहायचो. आम्ही भांडायचो. कधी त्या खऱ्या ठरायच्या, कधी मी. त्या जास्त वेळा.

आणि क्रम ठरला की तो भिंतीला चिकटवून निघून जाणं त्यांना मंजूर नव्हतं. सगळ्या मुलींना ओळीत बसवायच्या आणि उभ्या राहून एकेकीला क्रमांक सांगायच्या, कारणासकट. "तू सातवी. हात चांगला, पन धावताना आळस करतेस." "तू बाहेर. पुढच्या वर्सी ये, फटक्याले येताना उजवा पाय उचलू नको." मुली रडायच्या. आईबाप चिडायचे. मी एकदा म्हणालो, मॅडम, थोडं नरमाईने सांगा. तर म्हणाल्या, "कारन नाही सांगितलं तर ते पोट्टी घरी जाऊन समजन का मी काळी आहो म्हनून नाही घेतलं, नाहीतर आमची जात पाहून नाही घेतलं. मले मालूम आहे जी ते कसं लागते."

मग ते वर्ष आलं ज्याची गोष्ट मला सांगायची आहे. कॅचरची जागा एकच राहिली होती. कॅचर म्हणजे फटका मारणाऱ्या मुलीच्या मागे उकिडवी बसून, सुटलेला प्रत्येक चेंडू झेलणारी. त्या जागेसाठी दोघी होत्या. एक मनीषा उईके, दरेकशाहून सकाळच्या गाडीने येणारी, वडील जंगलात मजुरीला जाणारे. दुसरी सुजाता, मॅडमची मुलगी. मी आधीच म्हणालो, "मॅडम, या जागेचं मी एकटा पाहतो. तुम्ही घरी जा." त्या म्हणाल्या, "मी गेली तर तुम्ही तिले माझी पोरगी म्हनून पाहाल. मी इथंच बसतो."

मनीषाने त्या दिवशी एकही फटका मारला नाही. माझ्या हिशेबात ती बाहेरच होती. मॅडमनी तिला चौथ्या क्रमांकावर ठेवलं. "एकही मारला नाही हो तिने," मी म्हणालो. "पन एकही सोडला नाही," त्या म्हणाल्या. सुजाताने दोन चांगले फटके मारले होते, पण मागे बसल्यावर तिच्या हातून बरेच चेंडू निसटले होते. मी तिला आउटफिल्डमध्ये का होईना, पण सोळात घ्या म्हणालो. मॅडमनी तिला सतरावी केलं.

मुली ओळीत बसल्या होत्या. क्रमांक सांगत सांगत मॅडम तिच्यापर्यंत आल्या. "सुजाता, तू बाहेर." सुजाता उठून उभी राहिली. "काऊन आई?" "इथं मॅडम म्हन." मॅडम त्याच आवाजात म्हणाल्या, "बॉल आला का तू डोळे बारीक करतेस. तू भितेस. भिनारी पोट्टी कॅचर होऊ शकत नाही." सुजाताने हातातला ग्लोव्ह काढला, तो जमिनीवर ठेवला, फेकला नाही, आणि फाटकाबाहेर निघून गेली. त्या दिवशी ती आईच्या स्कूटीवर बसून घरी गेली नाही. बसने गेली.

त्यानंतर वर्षभर त्या घरात मायलेकींचं बोलणं भाजीभाकरीपुरतं होतं. हे मला अशोकभाऊंनी सांगितलं, मॅडमच्या यजमानांनी. सुजाताने खेळ सोडला. मनीषा विभागाला गेली, तिथून राज्याला, आणि तिच्या संघाने पदक आणलं. दरेकशाला तिच्या घरी मॅडम पेढे घेऊन गेल्या, मीही होतो. परत येताना गाडीत मॅडम खिडकीबाहेर पाहत होत्या. मी म्हणालो, "तुमचं बरोबर होतं." त्या "हाव" म्हणाल्या आणि पुन्हा बाहेर पाहू लागल्या.

पुढच्या वर्षी शाळेत डोळे तपासणारे लोक आले. सुजाताला मोठा नंबर निघाला. दोन्ही डोळ्यांना. कधीपासून दिसत नव्हतं, असं त्यांनी विचारलं तर म्हणाली, मला वाटलं सगळ्यांना असंच दिसते. ती भीत नव्हती. तिला चेंडू नीट दिसत नव्हता, म्हणून ती डोळे बारीक करत होती.

जिल्हाभरच्या पोरींचे पाय, मनगटं आणि खांदे पाहणाऱ्या मॅडमना स्वतःच्या घरातलं हे दिसलं नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी त्यांना भेटायला गेलो. त्या अंगणात तांदूळ निवडत बसल्या होत्या. "डोळे बारीक करते हे मले बरोबर दिसलं होतं ना सर," त्या म्हणाल्या. "दिसलं बरोबर... वाचलं चुकीचं." चहा आला, तो प्यायलो आणि निघालो.

त्या वर्षीच्या चाचणीला मॅडमनी सगळ्या मुलींना आधीच ओळीत बसवलं. त्यातल्या निम्म्या मागच्या वर्षी तिथे होत्या. सुजाताला त्यांनी सोबत आणलं होतं, नवा चष्मा घालून ती मागे उभी होती. वयामुळे आता तिला या गटात खेळता येणार नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "मागच्या वर्सी मी सुजाताले भित्री म्हटलं होतं. ते खोटं होतं. तिच्या डोळ्याले नंबर होता. मी चुकली. तुमच्यापैकी कोनी तिले भित्री म्हटलं असन तर तेही मी मागं घेतो." कोणीतरी हसलं. मॅडम म्हणाल्या, "चाला, धावा आता."

मी सुजाताजवळ गेलो. म्हणालो, बेटा, झालं ते झालं. ती चष्म्याची काच ओढणीला पुसत म्हणाली, "काका, आईनं सगळ्यांसमोर सांगितलं ते ठीक आहे. घरी एकटीले सांगितलं असतं तरी चाललं असतं."

हे तिचं वाक्य मी मॅडमना सांगितलं. सांगावं की नाही, विचार केला आणि सांगितलं. त्यानंतर मॅडमनी ओळीत बसवून क्रम सांगणं बंद केलं. बाहेर राहिलेल्या प्रत्येक मुलीला वेगळं बोलवायच्या, कडुलिंबाखाली जमिनीवर बसायच्या, तिलाही बसवायच्या आणि हळू आवाजात कारण सांगायच्या. वेळ फार जायचा. दरेकशाच्या, सालेकशाच्या मुलींच्या गाड्या चुकायच्या, मग त्यांना स्टेशनपर्यंत सोडायला मला जावं लागायचं. आणि आता कारण सांगून झालं की शेवटी विचारायच्या, "तुले काय वाटते, मी बरोबर पाहिलं का?" एकदा एक मुलगी धीटपणे "नाही" म्हणाली. मॅडमनी तिला पुन्हा मैदानावर नेलं आणि पुन्हा पाहिलं. क्रम बदलला नाही, पण पुन्हा पाहिलं.

मायलेकींचं हळूहळू जमलं. कसं, ते मला माहीत नाही, घरातल्या गोष्टी घरातच होतात. सुजाता नागपूरला शिकली, तिथेच बँकेत लागली. दिवाळीच्या सुट्टीत ती दवनीवाड्याला आली की दोघी धान कापून झालेल्या बांधीत ग्लोव्ह घालून चेंडू फेकत उभ्या राहायच्या. मी एकदा पाहिलं. चेंडू जात होता, येत होता.

मयतीला मनीषा आली होती, वनरक्षकाच्या गणवेशात, थेट ड्युटीवरून. त्रिसरण, पंचशील झालं. सगळ्यांनी पांढरी फुलं ठेवली. मनीषा आणि सुजाता भिंतीला टेकून शेजारी बसल्या. मी ऐकलं, मनीषा म्हणत होती, "तुह्या जागेवर मी गेली, हे माह्या मनाले लय वर्सं लागत होतं." सुजाता म्हणाली, "माही जागा नव्हती ते. तू एकही सोडला नव्हता ना." पुढे पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे आदरांजलीच्या, कार्यक्रमात मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उभा राहिलो आणि पुढे ढकललेली चाचणी कोणत्या रविवारी आहे ते सांगून खाली बसलो. दुसरं काही आठवलंच नाही.

ती चाचणी झाली. मी एकट्याने क्रम लावला. बाहेर राहिलेल्या मुलींना कडुलिंबाखाली एकेक करून बोलावलं, जमिनीवर बसलो, कारणं सांगितली. शेवटचा प्रश्न मात्र मला विचारता आला नाही. कोणी "नाही" म्हणाली असती तर पुन्हा पाहायला माझ्याशेजारी कोण बसणार होतं?

नागपूरला परत जाण्याआधी सुजाता एक मोठी बोरी घेऊन माझ्या घरी आली. म्हणाली, काका, हे तुमच्या शाळेत ठेवा. आत मॅडमचे सगळे जुने ग्लोव्ह होते, शिवलेले, ठिगळ लावलेले, खोबरेल तेलाचा वास येणारे. पावसाळा संपला की मॅडम त्यांना तेल लावायच्या, नाहीतर चामडं तडकते. मी बरेच दिवस बोरी उघडली नाही. परवा रविवारी अंगणात पोतं अंथरून बसलो आणि एकेक काढून तेल चोळलं. बोटांच्या खाचा, तळवा, मनगटाचा पट्टा. बायको म्हणाली, आता आत या, ऊन लागते. मी म्हणालो, होतच आलं.

एक राहिला आहे. कॅचरचा, मॅडमचा स्वतःचा. त्यात हात घालून पाहिला, तर माझी बोटं अर्ध्यावरच अडली. एवढा मोठा आवाज होता, पण हात लहान होता त्यांचा. आत चामड्यावर त्यांच्या घामाचा पांढरा डाग वाळून बसला आहे. तेल लावलं तर तो जाईल. खिडकीत ठेवला आहे तसाच.