मेहुण्याच्या अक्षरांची वळणं

आमच्या मेहुण्याच्या हातातून साधा कागद साधा म्हणून कधी बाहेर पडलाय, असं कुणी शपथेवर सांगितलं तरी मी विश्वास ठेवणार नाही. मेहुणा म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. राहायला विश्रांतवाडीत, पण जीव नारायण पेठेतल्या एका डीटीपीच्या दुकानात. तिथल्या मालकाशी दोस्ती करून त्याने वर्षानुवर्षं पेनड्राइव्ह भरभरून फॉन्ट घरी आणले आणि ओळीगणिक ते बदलत राहिला. वेलांटीला पानं फुटलेली, उकाराला झुपका, अनुस्वाराच्या जागी चांदणी. मी बँकेतून निवृत्त झालेला, जन्मभर लोकांची अक्षरं लावून डोळे शिणलेला माणूस. तरी याचा प्रत्येक कागद छापायच्या आधी माझ्यापुढे यायचा, "दाजी, जरा नजर टाका." मी टाकायचो. वाचता येत नाही रे बाबा, म्हणायचो. त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं असे, "वाचायचं नंतर. आधी बघा तर!"

त्याच्या सोसायटीत एकदा दिवसभर पाणी येणार नव्हतं. नोटीस अर्थातच याने केली. प्रत्येक अक्षरातून थेंब ठिबकताहेत, खाली लाटा उसळताहेत. लोकांनी येता-जाता कौतुक केलं, वाचलं कुणीच नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धी इमारत अंगाला साबण लावून खोळंबली. आमच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांनाही त्याने हौसेने चिठ्ठ्या करून दिल्या होत्या. त्या इतक्या नटल्या होत्या की हिने जिरं म्हणून ओवा फोडणीला घातला आणि ती आमटी मी निमूटपणे खाल्ली. सासरचा माणूस आहे, बोलणार काय? शिवाय दिवाळीत त्याच्याकडून फराळ यायचा, तेव्हा मात्र मीही डबे उघडायच्या आधी चिठ्ठ्या बघायचो. 'चकली' ही अक्षरं चकलीसारखी गुंडाळलेली, 'लाडू' टुमटुमीत, 'शेव' बारीक आणि जरा विस्कटलेली. डबा कुणाचा, हे दारातूनच कळायचं.

मग त्याचा कारखाना परगावी गेला आणि पन्नाशीच्या आत-बाहेर असलेला हा स्टोअरकीपर घरी बसला. मुलगी बारावीला. घरात दुसरा पगार नाही. त्याने रेझ्युमे केला आणि रीतीप्रमाणे माझ्याकडे घेऊन आला. नावाभोवती वेल. पंपाच्या कारखान्यातल्या नोकरीला जाडजूड अक्षर, औषधांच्या गोदामातल्या नोकरीला नाजूक, शिक्षणाला ताठ, आवडीनिवडींना तिरकं. मी डोकं धरून बसलो. म्हटलं, बाबा रे, एकच फॉन्ट घे, काळा, सरळ, कुणालाही वाचता येईल असा. तो दुखावला. कागदावर माणूस दिसायला हवा, म्हणाला. मी तरी किती वेळा तेच सांगणार? रेझ्युमे तसाच जात राहिला. कुठूनही साधं 'नाही' सुद्धा येईना. हिचं जेवणावरून लक्ष उडालं. मेहुणा दुपारचा आमच्याकडे येऊन चहा प्यायचा आणि गप्प बसायचा, आणि याचं गप्प बसणं मला त्याच्या वेलबुट्टीपेक्षा जड जायचं.

अशाच एका दुपारी त्याचा फोन वाजला. येरवड्याकडच्या एका शिक्षणसंस्थेला स्टोअरकीपर हवा होता, अर्ज मराठीत मागवला होता. याने आपला सर्वात लाडका फॉन्ट वापरून फाईल पाठवली होती. तो फॉन्ट त्यांच्या कॉम्प्युटरवर नव्हताच. त्यामुळे तिथे नुसती इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्याच्या खुणा उमटल्या. काय तो मोबाईल नंबर तेवढा शाबूत राहिला होता, म्हणून ऑफिसातल्या मुलीने फोन तरी केला. "सर, तुमची फाईल ओपन केलीय," ती म्हणाली, "पण तुम्ही कोण आहात तेच कळत नाहीये." संध्याकाळपर्यंत साध्या फॉन्टमध्ये पाठवा, उद्या मुलाखती आहेत, असंही तिने सांगितलं. भली मुलगी.

याने फोन खाली ठेवला. "दाजी," म्हणाला, "त्यांच्याकडे मी पोचलोच नाही हो."

मला फार वाईट वाटलं. आम्ही माझ्या कॉम्प्युटरवर बसलो. कुठल्याही फोनवर दिसतो तो साधा मराठी टाइप घेतला. तो सांगत गेला, मी टाईप करत गेलो. शेवटी त्याने नावाकडे बोट दाखवून विचारलं, निदान पहिल्या अक्षराला एवढंसं काही? मी मान हलवली. त्याने हट्ट केला नाही. कागद स्वच्छ, नीटनेटका झाला. त्यात चूक काढायला जागा नव्हती. पाठवला, मुलाखत झाली, आणि त्याच आठवड्यात नोकरी मिळाली. हिने देवापुढे साखर ठेवली. मीही, खोटं कशाला सांगू, सुटलो म्हणून हुश्श केलं.

परवा दिवाळीत वॉचमनने फराळाची पिशवी आणून दिली. हिने डबे ओट्यावर मांडले, एकेक फिरवून पाहिला आणि मला हाक मारली, "अहो, हे कुणाकडचं आलंय?"

मी चष्मा लावला. चकली. लाडू. शेव. एकाच मापाची, काळी, सरळ अक्षरं. मग मी फोन लावला. फराळ पोचला, म्हटलं. आणि अरे, चकलीला तरी थोडं वळण द्यायचंस.

पलीकडे गोदामात कसलीशी खोकी सरकवल्याचा आवाज येत होता.

"वाचता येतंय ना, दाजी?"

"येतंय," मी म्हणालो.