कोलशेतला आमचा बँड वाजला

आमच्या रॉक बँडमध्ये आम्ही तिघे होतो आणि त्यातल्या दोघांना संगीत येत होतं.

तिसरा मी. मी गायचो. ताई, म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण, गिटार वाजवायची आणि ठाण्याच्या खाडीकाठच्या कोलशेत गावचा हरेश ड्रम. नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. डोंबिवलीत तेव्हा 'आमचा बँड आहे' म्हटलं की लोक वरातीची तारीख सांगायला लागायचे. आमची गाणी मात्र आमचीच, मराठीतली, आणि सगळी एकटेपणावर. (दोन खोल्यांत सहा माणसं राहत होतो. एकटेपणाची फार ओढ होती.)

पण ऐकवायची कुणाला? कॉलेजने नाही म्हटलं. सोसायटीने तर प्रॅक्टिसलाच नाही म्हटलं. शेवटी हरेशच्या चुलतबहिणीची हळद ठरली आणि त्याने घरी ठोकून दिलं, की माझा ऑर्केस्ट्रा आहे. कोळ्यांच्या हळदीला अख्खं गाव लोटतं, असंही तो म्हणाला. आम्हाला तेवढंच ऐकू आलं.

ताईला एकटीला कसं पाठवायचं, म्हणून बाबा सोबत आले. (मी होतो, पण बाबांनी मला जमेस धरलं नव्हतं.) बाबा बँकेत अधिकारी. इस्त्रीच्या शर्टात पहिल्या रांगेत बसले आणि खिशातून कापसाचे दोन बोळे काढून त्यांनी शांतपणे कानांत घातले.

मी डोळे मिटून पहिलं गाणं सुरू केलं. त्यात एक माणूस खिडकीशी बसून स्वतःच्या सावलीला 'सोडून जाऊ नकोस' म्हणून विनवतो. डोळे उघडले तेव्हा नाचायला उठलेल्या बायका परत बसत होत्या. नवरीची आई डोळे पुसत होती. एका आजोबांनी हरेशला हळूच विचारलं, कोण गेलं का?

दुसऱ्या गाण्याला मी जोर लावायचं ठरवलं. आवाजाचं बटण पूर्ण फिरवलं आणि मांडवातली सगळी वीज गेली.

ती परत आली, पण अटीवर. मागच्या बोर्डात काडेपेटीच्या काड्या खोचून बसवलेली वायर निसटली होती. कुणीतरी ती लाकडी पट्टीने दाबून धरली तरच करंट यायचा. हरेश ड्रमवर, ताई गिटारवर. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. ज्याच्यावाचून काही अडत नव्हतं, असा मीच एकटा होतो.

कनातीमागे पट्टी दाबून उभा राहिलो. पलीकडे हरेशची आत्या माइकशी आली आणि तिने हळदीचं गाणं उचललं. ताई गांगरून थांबली असावी, कारण आत्याचा आवाज आला, "वाजव गो पोरी. मी हाय ना."

ताईने वाजवलं. सावलीच्या गाण्याचीच धून, पण दुप्पट वेगात. ती धून मी वर्षभर गात होतो. तिच्यावर नाचता येतं हे मला माहीत नव्हतं. कनात हलायला लागली. बायकांचं हसणं, बांगड्या, हरेशचे ड्रम, आणि मध्येच ताई खळखळून हसली. घरात ती अशी कधी हसली नव्हती. हसताना कशी दिसत असेल ते बघावं म्हणून जीव तुटत होता. पण पट्टी सोडली असती, तर तेच थांबलं असतं.

परतताना रिक्षात बाबा म्हणाले, "शेवटच्या बाई फार सुरेल होत्या. त्यांनाच कायम का घेत नाही?" कापूस त्यांनी कधी काढला, कोण जाणे.

त्यानंतर आमचा कार्यक्रम झालाच नाही. ताई लग्न करून मस्कतला गेली, गिटार माळ्यावर गेली. काही वर्षांनी हरेशच्याच हळदीला गेलो, तर आत्याने आधी विचारलं, गिटारवाली पोर कुठाय? सांगितल्यावर हळहळली. तसा बँड गावात परत आला नाही, म्हणाली. मला भरून आलं. त्या बँडमध्ये मीही होतो, असं मी सांगितलं.

तिने मला निरखून पाहिलं आणि तिचा चेहरा खुलला. "अरे, तूच तो लाईटवाला!"

हो म्हटलं. मग ती मला मांडवामागे घेऊन गेली. तिकडचा पंखा बंद पडला होता.