मिस्त्रींचं कुलूप

गाडी चिखलात रुतली की बाकीचे सगळे ओरडायचे आणि मिस्त्री बिडी पेटवायचे. खाली उतरून मागच्या चाकासमोर उकिडवे बसायचे आणि मान वाकडी करून बघत राहायचे. लोक धोतरं खोचून ढकलायला उभे, मी इंजेक्शनची पेटी उराशी धरून वर बसलेली. "मिस्त्री, लावू का जोर?" असं कुणी विचारलं की म्हणायचे, "थांबा हो. आधी बघू तर, फुकट कोण फिरायलंय."

तुम्हीही पाहिला असेल असा एखादा माणूस. घाई त्याला शिवत नाही आणि त्याच्यापायी आपला जीव वरखाली होतो. मला तर संताप यायचा. मी दवाखान्यातली नर्स. तिकडं पोखर्णीच्या पलीकडं कुठल्याशा वस्तीवर बाई अडलेली, आणि हा माणूस चाकाशी गप्पा मारतोय! मी वरून तोंड सोडायची. ते धूर सोडत म्हणायचे, "बाई, रागानं गाडी निघती का? निघत असंल तर अजून बोला."

मराठवाडा मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. परभणीत आमचा धर्मादाय दवाखाना होता आणि दवाखान्याची एक जुनी पिकअप होती, लष्कराच्या लिलावातली. मिस्त्री निजामाच्या फौजेत गाड्या दुरुस्त करायचे. पोलीस ॲक्शननंतर फौज मोडली आणि हे रिकामे झाले. दवाखान्यानं ठेवून घेतलं, पण हंगामी. ड्रायव्हर तेच, मिस्त्री तेच, आणि रात्री पत्र्याच्या शेडमध्ये गाडीशेजारी झोपणारे राखणदारही तेच. बायको जिंतूरला तिच्या भावाच्या घरी होती. नऊ वर्षं ती भावाच्या चुलीवर आणि हे इथं खानावळीत. "आज न्हाई उद्या परमनंट होईन," म्हणायचे, "मग आणतो." मीही हंगामीच होते. नवरा गेलेला, आई माझ्याजवळ, आणि आम्ही दोघी कुणाच्या तरी अर्ध्या पडवीत. त्यामुळे त्यांचं "आज न्हाई उद्या" मला नीट कळायचं.

गाडी सडकेवर गुणाची होती. पण आपली काळी माती तुम्हाला माहीत आहे. पावसाळ्यात एक चाक घसरटीत गेलं की ते गरागरा फिरायचं, आणि दुसरं, कोरड्यावरचं, ढिम्म हलायचं नाही. एका श्रावणात असेच आम्ही चार तास अडकलो. वस्तीवर पोचेपर्यंत पोर गेलेलं होतं. बाई वाचली.

दुसऱ्या दिवशी ते सेक्रेटरीसाहेबांसमोर उभे राहिले. दवाखान्याचा सगळा कारभार सेक्रेटरींच्या हातात. मागच्या दोन चाकांच्या मधे जो लोखंडी गोळा असतो, त्याला कुलूप बसवावं असं मिस्त्रींचं म्हणणं होतं.

"कुलूप? चोर चाकं नेतात का?" सेक्रेटरी हसले.

"न्हाई साहेब. त्या गोळ्याचा न्यावच उलटा हाय. दोन बैलांतला जो नुसते पाय झाडतो, सगळी पेंड त्यालाच. खरा वढणारा उपाशी. कुलूप लावलं की दोघंबी संगट फिरतेत."

डॉक्टर म्हणाले, काही नको, दोन फळ्या आणि एक दोर ठेवा गाडीत. सेक्रेटरी म्हणाले, मग गोळ्यातली दातेरी चाकं वेल्डिंग करून एकदाची जाम करून टाका, काम स्वस्तात होईल. तेव्हा मिस्त्री पहिल्यांदा जोरात बोलले.

"वेल्डिंग म्हंजे दोन्ही बैलांचे पाय कायमचे एकमेकाला बांधल्यावानी! सरळ चालतील. पण वळणावर आतल्याला कमी चालायचं असतं, बाहेरच्याला जास्ती. तिथं काहीतरी मोडणारच. महिन्यातून चार फेऱ्या चिखलाच्या, बाकी सडकच. चार दिवसासाठी तीस दिवस पाय बांधता का साहेब?"

त्यांना हवं होतं ते दांड्याचं कुलूप. हैदराबादच्या लष्करी भंगारात तसा गोळा मिळतो, हे त्यांना ठाऊक होतं. सीटजवळ एक दांडा असतो. मागं ओढला की कुलूप बसतं, पुढं ढकलला की सुटतं. चिखलात बांधा, सडकेला सोडा.

"आणि कुणी विसरलं तर?" सेक्रेटरींनी विचारलं.

"दांड्याला माझ्याबिगर कुणी हात लावणार न्हाई. काही मोडलं तर जबाबदार मी."

सेक्रेटरी धोरणी माणूस. म्हणाले, ठीक आहे, पुढचा पावसाळा बिनघोर गेला तर तुम्हाला परमनंट करतो आणि दवाखान्यामागची खोलीही देतो. मिस्त्रींनी स्वतः जाऊन तो गोळा आणला आणि पंधरा दिवस गाडीखाली आडवे पडून बसवला.

आणि काय सांगू तुम्हाला, तो पावसाळा! रुतलो की मिस्त्री खाली उतरायचे, बघायचे, बिडी टाकायचे, वर चढून दांडा मागं ओढायचे. गाडी म्हशीसारखी डुलत चिखलातून बाहेर. सडक लागली की दांडा पुढं. त्या चार महिन्यांत एकदाही उशीर झाला नाही. सात बाळंतपणं केली मी, सातही पोरं रडली. माझं तोंड बंद झालं म्हणून मिस्त्रीच चिडवायचे, "बाई, आज काहीच बोलंना गेलात. तब्येत बरी हाय न्हवं?"

सेक्रेटरींनी खोलीची किल्ली दिली आणि नवरात्रात मिस्त्रींनी तिला स्वतः चुना दिला. एका दुपारी मला हाक मारली. "बाई, जरा भिंतीशी उभं राहा. हात वर करा." मी म्हटलं, हे काय नवीन? तर चुलीवर डब्यांची फळी ठोकायची होती. बाईमाणसाचा हात कुठवर पोचतो, ते त्यांना बघायचं होतं. माझ्या बोटांपाशी त्यांनी खडूनं रेघ मारली, मग तिच्याखाली आपली चार बोटं आडवी धरली आणि तिथं दुसरी रेघ मारली. "ती तुमच्याहून चार बोटं खाली हाय," म्हणाले. आणि लाजले! पन्नाशीला आलेला माणूस, कानापर्यंत लाल झाला.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारं पुजतात, हे काही सांगायला नको. मिस्त्रींनी पाने, हातोडे धुऊन पाटावर मांडले, गाडीला हळद-कुंकू लावलं आणि दुपारच्या मोटारीनं जिंतूरला गेले. दसरा करून बायकोला घेऊनच येणार होते. पूजा झाली की दसरा सरेपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, गाडी हलवायची नाही. त्यामुळे त्यांना कसली धास्ती नव्हती.

संध्याकाळी मी शेडमध्ये गेले. गाडीच्या नाकावर त्यांनी झेंडूची माळ घातली होती. मला वाटलं, खरी पूजा तर त्या दांड्याची हवी. सात पोरं त्यानं पोचवली. मी माळ केली आणि दांड्याला बांधली. ती सारखी घसरायची, म्हणून दवाखान्यातली बँडेजची पट्टी घेतली आणि दांडा सीटच्या पायाशी करकचून आवळला. मागं. हात जोडले आणि घरी गेले. दांडा मागं म्हणजे कुलूप, हे मी चार महिने डोळ्यांनी बघत होते. त्या क्षणी आठवलं नाही. देवाशप्पथ आठवलं नाही.

दसऱ्याला सेक्रेटरींनी आपला ड्रायव्हर पाठवून गाडी मागवली. सेलूकडं त्यांचं मूळ गाव, सीमोल्लंघनाला सगळं घर निघालेलं. मिस्त्रींना कुणी विचारलं नाही. ड्रायव्हरनं माळ बघितली आणि पूजेची आहे, सोडू नये, म्हणून तशीच ठेवली. गाडी हलली तशी आत कुलपाचे दात बसले. देवगाव फाट्याच्या वळणावर, अकरा माणसं आणि फराळाचे डबे घेऊन, मागचा धुरा मोडला. लागलं कुणालाच नाही. पण जरीच्या टोप्या घातलेलं आणि शालू नेसलेलं ते अख्खं घर दिवस मावळेपर्यंत फाट्यावर बसून होतं. येणारा-जाणारा आपट्याचं पान हातात देऊन "सोनं घ्या" म्हणायचा आणि गाडीकडं बघून हसायचा.

निरोप गेला तसे मिस्त्री जिंतूरहून परस्पर फाट्यावर पोचले. एकटेच. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींसमोर उभे होते, तेव्हा मी दाराआड होते. "कुलूप काढायचं राहिलं साहेब. चूक माझी हाय," ते म्हणाले. सेक्रेटरींनी एवढंच विचारलं, "जबाबदार कोण, ते तुम्हीच सांगितलं होतंत ना?"

मी आत शिरणार, तोच ते बाहेर आले आणि माझी वाट अडवून उभे राहिले. खिशातून पट्टी काढली, धुऊन घडी केलेली. "ही तुमची."

"मी सांगते त्यांना. आत्ता सांगते. सोडा वाट."

"सांगून काय हुईल? जबान मी दिली होती. मी तर जाणारच, आन् तुमीबी जाल. म्हातारीला घिऊन कुठं जाल?" मग हळूच म्हणाले, "बाई, एक चाक रुतलंय तेवढं बास. दुसरं कशाला चिखलात घालायलात?"

मी वाट सोडली. साफ सांगते, मी भ्याले. आईचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि माझी जीभ उचलली नाही. जी जीभ त्यांच्यावर एवढी चालायची, ती नेमकी तेव्हा.

ते वळकटी घेऊन मोटारअड्ड्याकडं गेले. पुन्हा दिसले नाहीत. कुणी म्हणे नांदेडला गॅरेजात आहेत, कुणी म्हणे जिंतूरला मेव्हण्याच्या शेतावर. मी शोधायला गेले नाही. त्यांची बायको मी कधी पाहिली नाही. तिची उंची तेवढी मला माहीत आहे.

सहा महिन्यांनी सेक्रेटरींनी मला परमनंट केलं आणि मागची खोली दिली. नको म्हणायचं बळ तेव्हाही नव्हतं. आई त्याच खोलीत वारली. मी तिथं बावीस वर्षं स्वयंपाक केला. चुलीवरची फळी माझ्या हाताला चार बोटं खाली होती, डबा काढताना रोज बोटं तिच्या कडेवर आपटायची. येणारे-जाणारे म्हणायचे, "सुताराला सांगून वर घ्या की हो बाई, चार बोटांचाच तर प्रश्न आहे."

मी नाही घेतली.